मदत हवी आहे: तणनाशक सोसणाऱ्या कपाशीला बोंडं धरत नाहीत

जाणकारांनो, दोन हंगाम मी एकाच जागी अडकले आहे.

कपाशीच्या कोकर ३१२ या वाणात अ‍ॅग्रोबॅक्टेरियम या जनुक वाहून नेणाऱ्या जिवाणूच्या साहाय्याने सीपी४ ईपीएसपीएस हे ग्लायफोसेट तणनाशक सोसण्याची ताकद देणारं जनुक घातलं, प्रमोटर (जनुक कुठे आणि किती चालावं ते ठरवणारा डीएनएचा तुकडा) ३५एस. दुसऱ्या पिढीतली रोपं चार पानांवर असताना ग्लायफोसेट फवारलं, तर पान पिवळंसुद्धा पडलं नाही. काय आनंद झाला होता! पण आठ-दहा पानांवर पुन्हा फवारलं आणि सगळं बिघडलं. झाड हिरवंगार, फुलंही येतात. बोंडं मात्र इवलीशी असतानाच गळतात. फूल उघडून भिंगाखाली पाहिलं, तर पुंकेसर आखूड राहिलेले, कुक्षी त्यांच्या खूप वर निघालेली, आणि परागकोश बोटावर घासला तरी पिवळी पूड जेमतेम लागते. न फवारलेल्या झाडांची फुलं व्यवस्थित आहेत, म्हणून घातलेल्या जनुकामुळेच वंध्यत्व आलं असं वाटत नाही.

१९९७ साली बाजारात आलेल्या पहिल्या राउंडअप रेडी (ग्लायफोसेट सोसणाऱ्या) कपाशीतही हीच अडचण होती. चार पानांनंतर वरून फवारणी करता येत नसे. २००६ च्या राउंडअप रेडी फ्लेक्स या सुधारित कपाशीमध्ये प्रमोटर बदलून ती सोडवली. तेव्हा माझा संशय ३५एसवर आहे: परागकोशाच्या आतल्या थरात प्रथिन पुरेसं तयार होत नसावं.

नवी रचना करायची तर कोकरच्या कॅलसपासून (प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींच्या गोळ्यापासून) रोपापर्यंत पुन्हा वर्षभर जाईल. त्याआधी परागकोशातलं प्रथिन खात्रीने कसं मोजावं? कळी किती मिलिमीटरची असताना घ्यावी? आणि अ‍ॅक्टिन या जनुकाचा प्रमोटर कुणी कपाशीत वापरून पाहिला आहे का?