‘शेवटी एलवाय म्हणजे ॲडव्हर्ब’ हा नियम वर्गातून काढावा का?

खडूवाला: शिकवणीला आठवी-नववीची पोरं येतात. सगळ्यांना एकच मंत्र पाठ: शेवटी एलवाय असेल तर ॲडव्हर्ब, नसेल तर ॲडजेक्टिव्ह. मग फ्रेंडली, लव्हली, कॉस्टली? तिन्ही विशेषणं. फास्ट, हार्ड, लेट यांना शेपूट नाही, तरी दोन्हीकडे चालतात. ‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे कष्ट करतो, ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे कामाला हात लावत नाही! शब्द कुणाबद्दल सांगतोय एवढंच विचारा, नामाबद्दल की क्रियापदाबद्दल.

जुळे_सोलापूरकर: काय ओ सर, भरलेल्या वर्गात एवढा विचार कोण करणार? क्विकली, स्लोली, केअरफुली, हॅपिली... नियम बहुतेक ठिकाणी लागतोच की. आणि तुमचीही कसोटी लंगडी. ‘व्हेरी हॉट’मधलं व्हेरी ना नामाबद्दल, ना क्रियापदाबद्दल. तरी ॲडव्हर्बच.

खडूवाला: ते विशेषणाबद्दल सांगतं. प्रश्न तोच, उत्तर एक वाढलं. खरी गोची आपल्या मराठीची आहे. ‘तो चांगला गातो, ती चांगली गाते’: विशेषणच क्रियापदाला जोडतो, वर लिंगही बदलतो. म्हणून पोरं बिनधास्त ‘शी सिंग्ज गुड’ लिहितात. तिथं हवं ‘वेल’, आणि त्याला एलवाय नाहीच. तुमचा नियम काय कामाचा?

पूर्वभागातली: आमच्या घरी तेलुगू. ‘अंदमैन’ म्हणजे सुंदर, ‘अंदंगा’ म्हणजे सुंदरपणे. शेवटी ‘गा’ लागतो. आमच्या पोरांना एलवाय पटकन कळतो तो यामुळंच. नियम काढू नका.

बाळीवेसकर: ताई, तिथंच ती फसतात! तेलुगूत नुसतं ‘सुंदर आहे’ म्हणायलाही ‘अंदंगा उंदि’. कन्नडचं ‘चन्नागिदे’, म्हणजे ‘छान आहे’, तसंच. मग ‘शी लुक्स ब्यूटिफुली’ येणारच. लुक, स्मेल, टेस्ट, फील यांच्यापुढं कर्त्याचा गुण सांगायचा असेल तर विशेषण. शेंगाचटणी ‘स्मेल्स नाइस’. ‘नाइसली’ म्हटलं तर चटणीच छान वास घेत बसलीय असं होईल. पण ‘ही लुक्ड केअरफुली’ बरोबर, कारण तिथं बघण्याची क्रिया आहे. हे एलवायवरून कळत नाही आणि खडूवाल्यांच्या प्रश्नावरूनही पहिल्या फटक्यात कळत नाही. क्रियापद कुठलं ते आधी बघा.

जुळे_सोलापूरकर: चटणी उद्या वर्गात वापरतो. नियम मात्र राहणार. अपवाद फळ्याच्या कोपऱ्यात.

खडूवाला: ‘डेली’ कुठं लिहिणार? ‘डेली न्यूजपेपर’मध्ये विशेषण, ‘कम्स डेली’मध्ये क्रियाविशेषण.