एकच मोटरसायकल ठेवायची तर? हलकी २५० की दमदार ४५०

राजवाडा_ते_मांडव

मंडळी, माझं मत आधीच सांगतो. ज्याचा गाडीवर हात जुना आहे आणि ज्याच्या घरी एकच मोटरसायकल मावते, त्याने २५० सीसीच्या वर जाऊ नये. माझ्यापुढे शेवटी दोन नावं उरली आहेत, २५० सीसीची सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स आणि रॉयल एनफिल्ड हिमालयन ४५०. मी पहिलीच्या बाजूने आहे.

वापर असा: इंदुरात रोज राजेंद्र नगर ते पलासिया, संध्याकाळी राजवाड्याकडे एखादी फेरी, सुट्टीला जाम गेट, महेश्वर नाहीतर मांडव आणि दिवाळीत सेंधव्यावरून धुळे, नाशिक. हिमालयनचं वजन १९६ किलो, व्ही-स्ट्रॉमचं १६७. कागदावर २९ किलो म्हणजे काहीच नाही. सराफ्यात रात्री दोन्ही बाजूंनी लावलेल्या गाड्यांमधून आपली उलटी ढकलून काढताना ते मनगटाला कळतात.

आणि आपल्या माळव्यातली काळी माती! पावसाळ्यात चोरलच्या आतल्या बाजूला डांबर सोडून थोडं पुढे गेलं की ती टायरवर थर देत चढते. चाक आणि पुढचं मडगार्ड यांच्यामध्ये ठासून बसते, त्यात गवताच्या काड्या मिसळतात आणि चाक फिरायचंच थांबतं. मग उतरायचं, काठी शोधायची, कोरून माती काढायची, दहा पावलं ढकलायचं, परत कोरायचं. तिथे हिमालयनच्या ४० पीएसचा, म्हणजे ४० अश्वशक्तीचा, काय उपयोग? एकट्याने ढकलता येते आणि आडवी झाली तर एकट्याने उभी करता येते, ती गाडी माझ्या कामाची.

ज्यांना पटत नाही त्यांनी कारणासकट सांगा. मला खरंच ऐकायचं आहे.

महूचा_घाटवाला

दादा, मातीचं शंभर टक्के खरं. पण तुम्ही वर्षातले चार दिवस चिखलात जाता आणि त्यावरून गाडी ठरवताय. हायवेचं काय?

धामनोदकडून मानपूरला वर चढताना काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. भरलेले ट्रेलर पायी चालणाऱ्याच्या वेगाने चढतात, मागून बस हॉर्न देत असते, मधे जेमतेम जागा असते. तिथे ओव्हरटेक पटकन संपला पाहिजे. व्ही-स्ट्रॉमचा टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, २२.२ एनएम, तोही ७,३०० आरपीएमला. हिमालयनचा ४० एनएम, ५,५०० ला. एकटे असाल तर दोन गिअर पाडून काम भागवाल. मागे वहिनी आणि दोन्ही बाजूंना बॅगा असतील तर ट्रकच्या शेजारी लटकून राहाल. आणि ती जागा लटकायची नाही.

ताकदीला लोक चैन समजतात, हे मला पटत नाही. शिकाऊ मुलाच्या हातात ४० पीएस धोक्याचे असतील. ज्याला कुठे मूठ पिळायची आणि कुठे नाही हे कळतं, त्याच्यासाठी ती राखीव ताकद म्हणजे सुरक्षितता आहे. तुम्ही जुना हात म्हणता आणि निष्कर्ष उलटा काढता.

राजवाडा_ते_मांडव

महूकर, घाटाचा मुद्दा मान्य. पण जुन्या हाताचा अर्थ मी वेगळा लावतो. कुठला ओव्हरटेक करायचाच नाही हे ज्याला कळतं, तो जुना हात. घाटात ट्रकच्या मागे दोन वळणं थांबल्याने माझं काही बिघडत नाही.

शिवाय ज्या वेगाला ४५० आरामात असते, म्हणजे ११०-१२०, त्या वेगाने मला एबी रोडवर, म्हणजे आग्रा-मुंबई हायवेवर, जायचंच नाही. मधेच ट्रॅक्टर उलट्या बाजूने येतो, ढाब्यासमोरच्या दुभाजकाच्या फटीतून कुणीतरी घुसतं. ८५-९० ला गाडी शांत चालली की झालं, आणि त्या वेगाला २५० मुळीच ओरडत नाही.

मागची_सीट

इथे सगळे पुढे बसणारे बोलताहेत, म्हणून लिहिते. आम्ही दोघं दरवर्षी माहेरी, कोल्हापूरला, गाडीवरून जातो. मागे बसणारीच्या बाजूने कुणी विचारच करत नाही.

मला इंजिन किती सीसीचं आहे याने फरक पडत नाही. फरक पडतो तो मागच्या फूटरेस्टच्या उंचीने. तो उंच असला की गुडघे दुमडून राहतात, आणि धामनोद यायच्या आत पाय बधिर होतात. दुसरं, धरायला नीट काही आहे का? मागे कॅरिअर लावताना लोक ग्रॅब रेल काढून टाकतात किंवा असं काही बसवतात की हाताला धारदार कड लागते. तिसरं, सीट पुढे उतरती असेल तर प्रत्येक ब्रेकला मी पुढच्याच्या पाठीवर आदळते आणि मग तो वैतागतो. साडी नेसून बसायची वेळ आली तर साडी गार्डला बॅगेचा स्टँड अडतो का, हेही शोरूममध्येच बघायचं असतं, नंतर नाही.

तुम्ही वापर सांगितलात त्यात नाशिक आहे. मग वहिनींना मागे बसवून निदान अर्धा तास चालवल्याशिवाय कुठलीच गाडी ठरवू नका. गाडी दोघांची आहे.

थंपवाला_लोकमान्यनगर

ताईंशी मी पूर्ण सहमत आणि म्हणूनच विचारतो, रॉयल एनफिल्डचीच क्लासिक ३५० का नको? ३४९ सीसी, २७ एनएम टॉर्क आणि तो ४,००० आरपीएमला. म्हणजे मागे माणूस बसला तरी तिसऱ्या-चौथ्यात गाडी ओढत राहते, सारखं गिअर पाडायला नको. सीट ८०५ मिलिमीटर, दोन्ही पाय जमिनीवर. वजन १९५ आहे, कबूल, पण ते खाली आहे.

आता पैशाचं बोला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्यांवर ४० टक्के झाला. सरकारनेच रेघ ओढून दिली आहे. ४५० घ्यायची म्हणजे पहिल्या दिवशीच जास्तीचा कर खिशातून. तेवढ्यात चांगलं हेल्मेट, जॅकेट आणि दोन वर्षांची सर्व्हिसिंग निघते.

आणि बुलेटला हात लावणारा मिस्त्री तुम्हाला बडवाह, खरगोन, सेंधवा, कुठेही मिळतो. मागे आमच्याकडे दुसऱ्या एका कंपनीची गाडी होती. क्लच केबलसारख्या साध्या वस्तूसाठी आठवडे थांबावं लागलं आणि ऐन सीझनमध्ये ती गाडी अंगणात उभी. व्यवहारी गाडी म्हणजे जिचे पार्ट दुसऱ्या दिवशी मिळतात ती.

महूचा_घाटवाला

थंपवाले भाऊ, कराचं बरोबर. पण क्लासिक घेऊन हे चोरलच्या आत जातील का? मागच्या सस्पेन्शनचा ट्रॅव्हल बघा, म्हणजे चाक किती वर-खाली होतं ते. दगडी वाटेवर कंबर बोलायला लागते. यांना मांडव हवा आहे, आणि मांडवात किल्ल्याकडच्या आडवाटाही हव्या आहेत, मी ओळखतो यांना.

पाय_टेकले_पाहिजेत

माझी उंची ५ फूट १ इंच आणि मी गेली कित्येक वर्षं स्वतः चालवते. दादांचा सगळा युक्तिवाद वजनावर उभा आहे, पण व्ही-स्ट्रॉमची सीट ८३५ आहे. हिमालयनची सीट खालच्या खाचेत लावली तर ८२५. म्हणजे जड गाडीची सीट हलकीपेक्षा खाली! भंवरकुआँच्या सिग्नलला, उतारावर, एका पायाच्या चवड्यावर १६७ किलो तोलायचे म्हणजे काय, ते उंच माणसांना कळत नाही. गाडी पडते ती चालताना नाही, थांबताना पडते.

मी शेवटी ट्रायम्फ स्पीड ४०० घेतली. सीट ७९०, वजन १७६. कर जास्त गेला, चिखलात मी जात नाही. घरासमोर वळवताना, पार्किंगमध्ये, पेट्रोल पंपावर, कुठेही मला कुणाला हाक मारावी लागत नाही. माझ्यासाठी व्यवहारीपणा तो.

राजवाडा_ते_मांडव

सीटच्या उंचीचा मुद्दा मी घेतो. माझी उंची चांगली आहे, त्यामुळे तो माझ्या हिशोबात नव्हता. जो कुणी हे वाचून गाडी ठरवेल त्याने आधी पाय टेकवून बघावं, आकडे नंतर.

थंपवाले, सर्व्हिसचं तुमचं म्हणणं वजनदार आहे, पण व्ही-स्ट्रॉमचं इंजिन जिक्सर २५० मधलंच आहे. ऑइल-कूल्ड, कूलंट नाही, पाण्याचा पंप नाही. बिघडायला कमी जागा. अलॉय व्हील, ट्यूबलेस टायर, म्हणजे पंक्चर झालं तर चाक न काढता जागेवर प्लग मारून निघता येतं. मांडवच्या वाटेवर अंधार पडायला लागल्यावर हे मला टॉर्कपेक्षा मोठं वाटतं.

महूचा_घाटवाला

हिमालयनला पण आता ट्यूबलेस स्पोक रिम मिळतात, दादा. आणि पुढचं चाक २१ इंची. तुमचं १९. जाम गेटहून मंडलेश्वरकडे उतरताना फुटलेल्या कडा येतात तिथे २१ इंची चाक खड्ड्यात पडत नाही, वरून जातं. अलॉय एकदा वाकला की ठोकून सरळ केला तरी भरवसा राहत नाही. स्पोक बदलता येतात.

अजून एक, व्ही-स्ट्रॉमचा एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, बंद करता येत नाही. सुट्या खडीच्या उतारावर मागचा ब्रेक दाबला की एबीएस सोडत राहतो आणि गाडी थांबता थांबत नाही. हिमालयनमध्ये मागचा एबीएस बंद होतो. तुम्ही स्वतःच कच्च्या रस्त्यावरून सुरुवात केलीत, म्हणून सांगतो.

राजवाडा_ते_मांडव

एबीएसचं उत्तर माझ्याकडे नाही. ती त्या गाडीची उणीव आहे आणि मी ती मान्य करूनच घेणार. २१ इंची चाकाचंही खरं, पण तेच चाक शहरात वळायला आळशी असतं, आणि माझे बहुतेक किलोमीटर शहरात जातात. मी अजून हलक्याच बाजूला आहे.

मागची_सीट ताईंचं मात्र ऐकणार. शनिवारी बायकोला घेऊन दोन्ही शोरूमला जातो. आधी ती बसेल, फूटरेस्ट आणि ग्रॅब रेल बघेल, मग मी चावी मागेन.

मागची_सीट

तिला जीन्समध्ये नेऊ नका. नाशिकला जाताना जे कपडे घालेल तेच घालून न्या. आणि बॅगांचा स्टँड बसवलेली गाडी दाखवा म्हणावं, नुसती नाही.