आईबाबांना जर्मनीला नेताना विम्याचं आधी बघा

‘ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा तिथे राहायचा आणि काम करायचा परवाना) मिळालं की आता आईवडिलांनाही जर्मनीला कायमचं नेता येतं’ हे अर्धंच खरं आहे. ही सवलत ज्यांना कुशल कामगार म्हणून परवाना पहिल्यांदा १ मार्च २०२४ रोजी किंवा त्यानंतर मिळाला, त्यांच्यापुरती आहे. २०२२ ला गेलेल्यांनी उगाच खूश होऊ नये. (असं का, ते बर्लिनलाच ठाऊक.)

पण खरी मेख आरोग्य विम्यात आहे. न कमावणारा जोडीदार आणि मुलं सरकारी विम्यात तुमच्याच हप्त्यात बसतात. आईवडील बसत नाहीत. बाहेरून आलेल्या पंचावन्नच्या पुढच्या माणसाला सरकारी विमा सहसा दारातही उभा करत नाही. उरला खासगी. त्यांच्या अर्जात जुने आजार विचारतात. कोथरूडच्या सत्तरीतल्या बाबांना शुगर आणि एक स्टेंट असेल, तर हप्त्याचा आकडा ऐकूनच बेत बदलतो, किंवा सरळ नकारच येतो. व्हिजिटर व्हिसाचा प्रवास विमा कायमच्या मुक्कामाला चालत नाही, एजंट काहीही सांगोत. तेव्हा इथला फ्लॅट भाड्याने द्यायच्या आधी विमा कंपनीचा होकार लेखी घ्या.

आणि हो, स्वस्त पडतो म्हणून स्वतः सरकारी विमा सोडून खासगीत उडी मारू नका. पगार ठरावीक मर्यादेच्या वर गेला (२०२५ साठी वर्षाला ७३,८०० युरो) की ती मुभा मिळते खरी, पण तिथे बायकोमुलांचा हप्ता वेगळा, आणि पंचावन्ननंतर सरकारी विम्यात परतीची वाट जवळपास बंद.