क्यूटब्राउझर: टॅब डावीकडे टिकत नाहीत, वेलांट्या कापल्या जातात, आणि मराठी कीबोर्डवर जे-के चालत नाही

मध्यरात्रीचा_चहा
मंडळी, फायरफॉक्स सोडून सध्या क्यूटब्राउझरवर (कीबोर्डनेच चालवायचा ब्राउझर) आलोय. विम या टेक्स्ट एडिटरची सवय असल्यामुळे जे-के ने पान खाली-वर करणं, एफ दाबून लिंक उघडणं वगैरे लगेच जमलं, पण बाकी अजून मनासारखं होईना. कोलन सेट ही कमांड मारून टॅब डावीकडे घेतले, मस्त दिसले, ब्राउझर बंद करून उघडला की परत वर. गिटहबवरून कुणाचीतरी भलीमोठी कॉन्फिग डॉट पाय (सेटिंगची फाईल) उचलून टाकलीये, तिच्यामुळे होत असेल का? दुसरं म्हणजे टॅबवर मराठी नाव आलं की वेलांट्या नि उकार अर्धे गायब. डार्क मोड लावला तर बातम्यांमधले फोटो निगेटिव्हसारखे दिसतात. आणि इनस्क्रिप्ट (मराठी कीबोर्डचा लेआउट) चालू राहिलं असेल तर जे दाबून ढिम्म काही हलत नाही. शिवाय डी ला जरा बोट लागलं की टॅब गेला, हे कुणाला आवडतं??

टर्मिनलवाला
भाऊ फोनवरून लिहितोय, सेटिंगची नावं देवनागरीतच वाच.

तुझा संशय बरोबर आहे, ती फाईलच. तू कोलन सेट करतोस ते ऑटोकॉन्फिग डॉट वायएमएल या वेगळ्या फाईलीत जाऊन बसतं, पण कॉन्फिग डॉट पाय असली की ती वायएमएल आपोआप वाचली जात नाही, लोड ऑटोकॉन्फिग ही ओळ त्यात असते तिच्यावर सगळं ठरतं. क्यूटब्राउझर २.० पासून ती ओळ लिहावीच लागते, ट्रू किंवा फॉल्स. तुझ्या उसन्या फाईलीत फॉल्स असणार. ट्रू केलंस तरी खाली कुठेतरी टॅब्ज डॉट पोझिशन टॉप लिहिलेलं असेल तर तेच जिंकणार, कारण ते नंतर वाचलं जातं. म्हणून मी म्हणेन ती फाईल बाजूला ठेव, रिकाम्यापासून सुरू कर, एकेक ओळ स्वतः लिही आणि कोलन कॉन्फिग-सोर्स मारून बघत जा, बहुतेक गोष्टी रिस्टार्ट न करता लागू होतात. दुसऱ्याच्या फाईलीत त्याच्या सवयी असतात, त्या निस्तरत बसण्यात रात्र जाते.

डी चं सोपं आहे, पण आधी डी अनबाइंड कर (म्हणजे त्या कीला लावलेलं काम काढ) आणि मगच डीडी ला टॅब-क्लोज बाइंड कर. नुसतं डीडी बाइंड केलंस तर पहिल्या डी लाच टॅब उडेल, दुसऱ्याची वाट कोण बघतंय. तोवर यू दाबलं की गेलेला टॅब परत येतो.

उकार_वाचवा
वेलांट्यांचं मी सांगते. टॅब्ज डॉट पॅडिंग बघ, त्यात टॉप आणि बॉटम मुळात शून्य असतात, इंग्रजी अक्षरांना ते पुरतं, आपल्याला वर मात्रा नि खाली उकार, कुठून पुरणार. दोन्हीकडे चार-पाच कर. फॉन्ट्स डॉट डिफॉल्ट फॅमिलीला यादी देता येते, त्यात तुझ्या मोनो फॉन्टनंतर नोटो सॅन्स देवनागरी टाक, साईझ मुळात १० पॉइंट आहे ती ११-१२ केलीस तर अजून बरं. टॅब डावीकडे घेतलेस तर टॅब्ज डॉट विड्थ पण थोडी वाढव, १५ टक्क्यात मराठी मथळा मावत नाही.

पानाच्या आतल्या मजकुराला मात्र हे लागू नाही, तिथे युजर स्टाइलशीट (पानांचं रूप बदलणारी आपली फाईल) लागते. मी त्यात फक्त लाइन-हाइट (ओळीची उंची) वाढवलीये, कारण सगळ्या साइटना एकच फाईल लागते आणि जास्त हात चालवला की कुठलं तरी पान विस्कटतंच. एकाच साइटचं रूप बदलायचं तर ग्रीजमंकी स्क्रिप्ट (ठरावीक साइटवर चालणारा छोटा कोड) बरी.

टर्मिनलवाला
+१. डार्क मोडचं राहिलं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, प्रेफर्ड कलर स्कीम डार्क केलं की साइटला स्वतःची काळी थीम असेल तर ती येते, आणि डार्कमोड डॉट एनेबल्ड म्हणजे ब्राउझर स्वतःच रंग उलटे करतो. फोटोंची वाट लागतेय म्हणजे पॉलिसी डॉट इमेजेस ऑलवेज असेल, नेव्हर कर. मी तर दुसरं वापरतच नाही, पहिल्यावर भागतं.

रात्रपाळी_नागपूर
इनस्क्रिप्टसाठी बाइंडिंग्ज डॉट की मॅपिंग्ज आहे ना, र ला जे, क ला के, प ला एच, त ला एल असं लिहून टाक. लेआउट मराठी असला तरी स्क्रोल होतं. सगळा कीबोर्ड मॅप करत बसू नको दादा, डी च्या जागी हलंत नि एफ च्या जागी ऱ्हस्व वेलांटी, ते फाईलीत लिहायलाच कटकट.

उकार_वाचवा
त्यापेक्षा लेआउट विंडोनुसार वेगळा ठेवायचा की. केडीई आणि ग्नोम या दोन्ही लिनक्स डेस्कटॉपवर ती सोय आहे, ब्राउझरची विंडो इंग्रजीत नि लिहायची विंडो मराठीत, मॅपिंगची गरजच नाही.

रात्रपाळी_नागपूर
आणि ब्राउझरमध्येच मराठी लिहायचं असेल तर? मी मेल तिथेच लिहितो, एस्केप मारून बाहेर आलो तरी लेआउट मराठीच राहतो. तेव्हा मॅपिंगच लागतं.

उकार_वाचवा
हां, ते खरंय.

मध्यरात्रीचा_चहा
लोड ऑटोकॉन्फिग फॉल्सच होतं 😄 ती फाईल हलवली, टॅब डावीकडे टिकले. पॅडिंग पाच केलं, उकार दिसतायत. अजून एक, स्टेटसबार (खालची पट्टी) कायमचा लपवावा का? स्क्रीन छोटी आहे.

टर्मिनलवाला
कायमचा नको, पत्ता तिथेच दिसतो, कुठल्या साइटवर पासवर्ड टाकतोय ते कळायला हवं. एक्सबी ला कॉन्फिग-सायकल (किमती आलटून-पालटून लावणारी कमांड) लाव, स्टेटसबार डॉट शो, ऑलवेज आणि नेव्हर. लागेल तेव्हा उघड.