'प्रादेशिक संसद' हा शब्द बरोबर आहे का? (शिवाय 'त्रिकूट', 'तूट' वगैरे)

कानामात्रा:
मंडळी, एक शब्द अडलाय. एका लेखाचं भाषांतर करतोय, विषय असा की शेजारशेजारच्या देशांचे खासदार एकत्र बसून आर्थिक संकटात, किंवा एखाद्या देशात लष्कराने सत्ता बळकावली तर, काय करतात आणि काय करू शकतात. मूळ लेखात सगळीकडे 'रीजनल पार्लमेंट' आहे. मी 'प्रादेशिक संसद' लिहून मोकळा झालो आणि पहिल्याच वाचणाऱ्याने विचारलं, राज्याच्या विधानसभेला तू संसद का म्हणतोयस? त्याचं तरी काय चुकलं, प्रादेशिक पक्ष, प्रादेशिक बातम्या, प्रादेशिक भाषा, सगळीकडे आपण देशाहून लहान काहीतरी धरतो आणि इथे ते देशाहून मोठं आहे. 'विभागीय' म्हटलं की विभागीय आयुक्तच दिसायला लागतात. 'आंतरराष्ट्रीय'मध्ये अख्खं जग येतं. काही सुचतंय का?

वेलांटी:
खंडीय?

कानामात्रा:
आफ्रिकेच्या संसदेला चालेल, पण उत्तर युरोपातल्या देशांची नॉर्डिक कौन्सिल आहे ना १९५२ पासूनची, ती काय खंडाची आहे का. पश्चिम आफ्रिकेतल्या देशांचा इकोवास हा गट आहे, त्याच्या संसदेचंही तेच, खंडाचा एक तुकडा.

जोडाक्षर:
'प्रादेशिक'वर एवढं डोकं लावताय, माझ्या मते खरा घोळ 'संसद' या शब्दात आहे. संसद म्हटलं की आपल्या डोक्यात दोन गोष्टी पक्क्या असतात, कायदा करणे आणि सरकारच्या पैशाला मंजुरी देणे. आता आफ्रिकन महासंघाची संसद घ्या, २००४ पासून आहे, दक्षिण आफ्रिकेत मिडरँडला बसते, आणि तिचं काम सल्ला देणे. तिला कायदे करायचा थोडा तरी अधिकार मिळावा म्हणून २०१४ ला मालाबोमध्ये करार झाला, पण पुरेशा देशांनी त्याला मंजुरीच दिली नाही म्हणून तो कागदावरच. गंमत बघा, पूर्व आफ्रिकेतल्या देशांच्या समूहाची टांझानियात अरुशाला २००१ पासून एक सभा आहे, तिच्या नावात पार्लमेंट नाही, नुसती 'लेजिस्लेटिव्ह असेंब्ली', आणि ती मात्र खरोखर विधेयकं पास करते! प्रत्येक देशाची संसद नऊ जण निवडून पाठवते, विधेयक पास झालं की सगळ्या सदस्य देशांच्या राष्ट्रप्रमुखांची अनुमती लागते, एकाने जरी अडवलं तरी लटकलं. म्हणजे जिला संसद म्हणतात ती सल्ला देते आणि जिला म्हणत नाहीत ती कायदे करते. तेव्हा भाषांतर करताना नाव बघू नका, काम बघा. पहिलीला 'सल्लागार सभा' म्हणा, दुसरीला 'विधिमंडळ'.

रफार:
अहो पण संस्थेचं अधिकृत नाव असं आपल्या मर्जीने बदलता येतं का? ते स्वतःला संसद म्हणवतात ना. त्या नावामागे आशा असते, की आज नाव घेऊ, उद्या अधिकार येतील. युरोपात झालंच की तसं. १९७९ पर्यंत युरोपीय संसदेत देशोदेशीच्या संसदा आपापले खासदार पाठवायच्या, मग थेट निवडणूक आली, मग हळूहळू अधिकार आले. नाव आधी, ताकद नंतर.

जोडाक्षर:
मान्य. मग पहिल्यांदा येईल तिथे अधिकृत नाव लिहा आणि लगेच एका वाक्यात सांगून टाका की हिला कायदे करायचा अधिकार नाही. वाचणारा फसायला नको एवढंच.

कानामात्रा:
हे पटलं. 'प्रादेशिक'च्या जागी 'राष्ट्रसमूहाची संसद' टाकून बघतो, जरा जड आहे पण गैरसमज होत नाही. आता पुढची अडचण. ग्रीसच्या कर्जसंकटाचा भाग आहे त्यात 'ट्रॉइका' येतं, म्हणजे युरोपीय आयोग, युरोपीय मध्यवर्ती बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी. मी 'त्रिकूट' केलंय.

वेलांटी:
हाहा, त्रिकूट म्हटलं की मागच्या बाकावरची तीन वांड पोरं आठवतात.

रफार:
ट्रॉइका मूळ रशियन, तीन घोडे जुंपलेली गाडी. त्यात टोमणा नाही. आपल्या त्रिकुटात आहे. पण खरं सांगू का, ग्रीसमधल्या सामान्य माणसाला विचारलं असतं तर त्याला तुमचं त्रिकूटच जास्त पटलं असतं 😄 तटस्थ हवं असेल तर 'तीन संस्थांचा गट'. आणि त्याच भागात 'ऑस्टेरिटी' आलं असणार, त्याला प्लीज 'काटकसर' करू नका. काटकसर आपण आपल्या मनाने करतो आणि चार लोक कौतुक करतात. पेन्शन कापली ती काटकसर कशी? 'सक्तीची खर्चकपात' म्हणा.

कानामात्रा:
अरे देवा, काटकसरच केलंय, तेही अकरा ठिकाणी.

जोडाक्षर:
त्याच्याच जोडीचा शब्द म्हणजे 'मंजुरी'. २०१० मध्ये ११० अब्ज युरोच्या कर्जाचं पहिलं पॅकेज आलं तेव्हापासून ग्रीसच्या संसदेने बरंच काही 'मंजूर केलं' असं आपण लिहितो, पण समोर तयार कागद आणि नाही म्हटलं तर हप्ता बंद, ही कसली मंजुरी, याला फार तर 'मान तुकवली' म्हणता येईल. ५ जुलै २०१५ च्या सार्वमतात ६१ टक्के लोक कर्जाच्या अटींना नको म्हणाले आणि दोन आठवड्यांच्या आत संसदेने जवळपास तशाच अटी पास केल्या. उलट जर्मनीत घटना न्यायालयाने २०११ ला सांगितलं की मोठ्या मदतीच्या हमीला बुंडेस्टागची, म्हणजे तिथल्या संसदेची, आधी संमती पाहिजे. म्हणजे कर्ज देणाऱ्याची संसद बलवान, घेणाऱ्याची नाममात्र. हा फरक 'मान्यता' आणि 'संमती' अशा दोन शब्दांत दाखवता येतो का बघा.

यातूनच देशोदेशीच्या संसदांचं सहकार्य आलं. युरोपीय देशांच्या २०१२ च्या वित्तीय कराराच्या १३व्या कलमात लिहिलंय की देशांच्या संसदा आणि युरोपीय संसद यांच्या समित्यांच्या प्रतिनिधींनी एकत्र बसून अर्थसंकल्पी धोरणावर चर्चा करावी. पहिली परिषद २०१३ च्या ऑक्टोबरात विल्निअसला झाली. शब्द बघा, 'चर्चा', निर्णय नाही.

रफार:
आणि 'सहकार्य'च लिहा, 'सहकार' नको, लोकांना पतपेढी वाटेल.

वेलांटी:
'डेमोक्रॅटिक डेफिसिट'ला, म्हणजे निर्णय लोकांच्या हाताबाहेर जातात त्याला, लोकशाहीची तूट म्हणतात ना? मला तो शब्द आवडतो, कारण तूट म्हटलं की आधी बजेट आठवतं आणि ग्रीसमध्ये दोन्ही तुटी एकदमच होत्या, एक भरायला गेले तर दुसरी वाढली.

कानामात्रा:
वा, हे वाक्य मी उचलू का?

वेलांटी:
उचला की.

रफार:
एक राहिलं, 'निलंबन' जपून वापरा. युरोप परिषदेच्या (ही युरोपीय महासंघाहून वेगळी संस्था) संसदीय सभेने २०१४ मध्ये युक्रेनचा क्रायमिया बळकावल्यावरून रशियाच्या शिष्टमंडळाचा मतदानाचा हक्क गोठवला, सदस्यत्व काढलं नव्हतं. पण मराठीत सरसकट 'रशिया निलंबित' लिहिलं जातं. मग रशियाने तिथे जाणंच बंद केलं, २०१७ ला वर्गणीही थांबवली, २०१९ ला परत आला, आणि मार्च २०२२ मध्ये युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर परिषदेतूनच काढला गेला. त्या शेवटच्या वेळेला 'हकालपट्टी' शोभतो. आधी हक्क गोठवला, मग हकालपट्टी. दोन्हीकडे एकच शब्द घातला तर मधली आठ वर्षं गायब होतात.

कानामात्रा:
लिहून घेतलं. आता शेवटचं, खरंच अगदी बारीक आहे. नायजरमध्ये जुलै २०२३ ला लष्कराने सत्ता घेतली, इकोवासचे राष्ट्रप्रमुख सैन्य पाठवायची भाषा करायला लागले, आणि ऑगस्टमध्ये त्यांच्या संसदेची तातडीची बैठक ऑनलाइन झाली, त्यात काही जण कारवाई करा म्हणाले आणि काही जण अजिबात नको, बोलणी करा. ठरवायचं होतं प्रमुखांनीच, पण निदान तिथे दोन्ही बाजू बोलल्या गेल्या. तर माझं वाक्य आहे 'संसदेची बैठक भरली'. सगळे जण आपापल्या घरी स्क्रीनसमोर असताना बैठक 'भरते' का? सभागृह तर रिकामंच होतं ना.

जोडाक्षर:
माणसं आली की भरली. शाळा नाही का ऑनलाइन भरत होती दोन वर्षं.

वेलांटी:
शाळा भरत होती म्हणजे कॅमेरे बंद करून झोपत होतो आम्ही 😂 'झाली' म्हणा हो सरळ.