‘फेल्युअर मोड’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: एफएमईएच्या (फेल्युअर मोड अँड इफेक्ट्स अॅनालिसिस: काय, कसं, कशामुळे बिघडू शकतं आणि त्याचा परिणाम काय, हे आधीच तक्त्यात मांडायची पद्धत) प्रशिक्षणाची टिपणं मराठीत करतोय. ‘फेल्युअर मोड’ला एका ठिकाणी ‘अपयश प्रकार’ असं वाचलं. खटकलं. दुसरा शब्द सुचतोय का?

– अपयश माणसाला येतं, पंप बिघडतो. ‘बिघाडाची तऱ्हा’ लिहा. पण त्या रकान्यात काय भरायचं, तिथेच जास्त घोळ होतो. पंपाचं सील घ्या. सील झिजलं हे कारण, सीलमधून गळती ही तऱ्हा, बेअरिंगमध्ये पाणी शिरून पंप बंद पडला हा परिणाम. आता एक पायरी वर जाऊन अख्ख्या शीतकरण यंत्रणेचा तक्ता करा. ‘पंप बंद’ हीच तऱ्हा होते आणि गळती कारणांत जाऊन बसते! तेव्हा तक्ता कुठल्या पातळीचा, हे टिपणात आधी सांगा.

– ‘बिघाड’ला माझी हरकत आहे. चुकीच्या सिग्नलमुळे झडप नको तेव्हा उघडली, तर झडपेत काहीच बिघडलेलं नसतं. काम न होणं, अर्धवट होणं, मध्येच थांबणं, भलत्या वेळी होणं, हे सगळं एफएमईएत धरतात. मी ‘काम चुकण्याची तऱ्हा’ लिहितो. लांबलचक आहे खरं, पण मग लोक ‘उघडत नाही’, ‘अर्धीच उघडते’ असं नेमकं लिहितात. ‘झडप खराब’ म्हणून मोकळे होत नाहीत.

प्रश्न: हे पटलं. मग प्रत्येक दोषाला १ ते १० मध्ये जे तीन गुण देतात, त्या सिव्हिअरिटी, ऑकरन्स, डिटेक्शनला तीव्रता, वारंवारता, शोधक्षमता चालेल ना?

– पहिले दोन चालतील. ‘शोधक्षमता’ मात्र कृपा करून नको. तिथे १ म्हणजे दोष जवळपास हमखास पकडला जाणार आणि १० म्हणजे पकडायची सोयच नाही. ‘शोधक्षमता ९’ वाचून नवखा माणूस खूश होईल. ‘निसटण्याची शक्यता’ म्हणा, म्हणजे आकडा आणि अर्थ एकाच दिशेने वाढतील.

– आरपीएनला (रिस्क प्रायॉरिटी नंबर) ‘जोखीम अग्रक्रमांक’ म्हणता येईल, पण शब्दासोबत त्याची खोडही सांगा. तिन्ही गुणांचा हा गुणाकार, १ ते १००० मधला. जिवावर बेतणारा दोष १०×२×२ म्हणजे ४० वर राहतो आणि किरकोळ कुरकुर ४×५×५ करत १०० गाठते. १०० आणि त्यावरचंच बघायचं असा नियम असेल, तर पहिला दोष कोणी उघडूनही पाहणार नाही. एआयएजी आणि व्हीडीए या अमेरिकी व जर्मन वाहन उद्योगाच्या संघटनांच्या २०१९ च्या पुस्तिकेत आरपीएन काढून ‘अॅक्शन प्रायॉरिटी’ आणली ती यासाठीच: उच्च, मध्यम, कमी, आणि सर्वांत आधी तीव्रता पाहायची. तिला ‘कृती-प्राधान्य’ म्हणा.

– आणि खुद्द ‘एफएमईए’चं भाषांतर करू नका. १९४९ च्या अमेरिकी लष्करी कार्यपद्धतीपासून चालत आलेलं नाव आहे, शॉपफ्लोअरवर सगळे तेच म्हणतात. भाषांतर रकान्यांचं करा, भरताना माणसं तिथेच अडतात.