अपस्मारासाठी रीतसर प्रशिक्षित सर्व्हिस डॉग कसा मिळवावा?

रानजाई

नमस्कार. मी न्यू जर्सीत राहते आणि गेल्या काही वर्षांपासून मला अपस्माराचा विकार आहे. दोन औषधे पुरेशा मात्रेत घेऊनही फिट थांबलेल्या नाहीत, त्यामुळे माझा विकार औषधांना दाद न देणाऱ्या प्रकारात मोडतो असे न्यूरॉलॉजिस्टनी सांगितले असून शस्त्रक्रियेच्या दृष्टीने तपासण्या चालू आहेत. मला फिटची पूर्वसूचना मिळत नाही. नजर एका जागी खिळते, उजवा हात ओढणीचा काठ चाचपत राहतो आणि त्यापुढचे मला काहीच आठवत नाही. काही वेळा मी कोसळते, तर काही वेळा भान हरपलेल्या अवस्थेत दाराबाहेर चालत जाते. गाडी चालवणे बंद आहे, गॅसपाशी एकटी उभी राहत नाही, आणि यजमान कामावर व मुलगी शाळेत गेली की दुपारपर्यंत घरात कोणी नसते.

डॉक्टरांनी सर्व्हिस डॉगचा, म्हणजे अपंगत्व असलेल्या व्यक्तीच्या मदतीसाठी शिकवलेल्या श्वानाचा, विचार करा असे सुचवले आहे. इंटरनेटवर शोध घेतला तेव्हा एका ठिकाणी नोंदणी क्रमांक, छायाचित्रासह ओळखपत्र आणि श्वानासाठी जाकीट घरपोच मिळेल असे दिसले. दुसऱ्या एका प्रशिक्षकाने फिट येण्यापूर्वी हमखास इशारा देणारे पिल्लू देतो असे सांगून संपूर्ण रक्कम आगाऊ मागितली. यांतले खरे किती, प्रशिक्षण रीतसर झाले आहे हे कशावरून ओळखावे, आणि सुरुवात कोठून करावी, याविषयी ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पैलतीर

रानजाईताई, आम्ही फिलाडेल्फियाजवळ राहतो आणि माझ्या यजमानांकडे अपस्मारासाठी प्रशिक्षित लॅब्रडॉर आहे. त्या प्रशिक्षकाला एक डॉलरही देऊ नका, हे आधी सांगते.

फिट आल्यावर काय करायचे हे श्वानाला शिकवता येते. फिट येण्यापूर्वी इशारा देणे मात्र हमखास शिकवता येईल असे कोणीही सिद्ध केलेले नाही. काही श्वान माणसाच्या सहवासात राहून पुढे आपणहून असा इशारा देऊ लागतात, पण तो कधी देतील आणि देतील की नाही, हे कोणालाच सांगता येत नाही. फ्रान्समधील रेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये असे दाखवले की, प्रशिक्षित श्वान फिटच्या वेळी घेतलेला शरीरगंध त्याच व्यक्तीच्या इतर वेळच्या गंधापासून वेगळा ओळखू शकतात. मात्र प्रयोगातले श्वान पाचच होते आणि नमुने फिट येण्याच्या आधीचे नव्हते. त्यावरून हमी देणारा माणूस एक तर अजाण आहे किंवा आपल्या असहायतेवर धंदा करतो आहे. व्हर्जिनिया राज्याच्या ॲटर्नी जनरलनी २०१८ मध्ये एका विक्रेत्यावर दावा लावला होता. मधुमेहींना साखर घसरल्याचे ओळखणारे श्वान म्हणून पुरेसे न शिकवलेली पिल्ले हजारो डॉलरना विकली, असा त्यात आरोप होता.

आमच्या श्वानाचे काम कसे चालते ते सांगते. यजमान कोसळले की तो आधी स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्याच्या उंचीला बसवलेले मोठे बटण नाकाने दाबतो आणि माझ्या फोनवर सूचना येते. मग परत जाऊन तो त्यांच्या पाठीला पाठ लावून आडवा होतो, त्यामुळे ते कुशीवरच राहतात. शुद्ध येऊ लागली की हात चाटत राहतो, आणि ते अर्धवट भानात दाराकडे निघाले तर दारापुढे आडवा उभा राहतो. नाकात फवारायच्या औषधाची पिशवी आणून देणेही त्याला येते. यांतले प्रत्येक काम वेगवेगळे शिकवलेले आहे. तुमच्या बाबतीत दाराबाहेर जाण्याची सवय सर्वांत धोक्याची दिसते, म्हणून अर्जात तिचा उल्लेख सर्वांत वर करा.

संस्था शोधताना ‘असिस्टन्स डॉग्ज इंटरनॅशनल’ या श्वान शिकवणाऱ्या संस्थांना मान्यता देणाऱ्या संघटनेची मान्यता आहे का ते पाहा, त्यांच्या संकेतस्थळावर राज्यानुसार यादी मिळते. मॉरिसटाउनची ‘द सीइंग आय’ तुमच्या जवळ आहे आणि १९२९पासून काम करते, पण ती केवळ अंध व्यक्तींसाठी आहे. पेनसिल्व्हेनियातील ‘कॅनाइन पार्टनर्स फॉर लाइफ’ अपस्माराच्या रुग्णांना श्वान देते. ओहायोतील ‘फोर पॉज फॉर ॲबिलिटी’चे काम प्रामुख्याने मुलांसाठी आहे. अर्जासोबत न्यूरॉलॉजिस्टचा अहवाल लागतो, मुलाखत होते, घराची पाहणी होऊ शकते आणि प्रतीक्षा बहुधा काही वर्षांची असते. श्वान मिळण्याच्या वेळी तुम्हाला संस्थेत राहून त्याच्याबरोबर प्रशिक्षण घ्यावे लागते. आमच्या वेळी शेवटची परीक्षा एका मॉलमध्ये होती. फिरत्या जिन्याजवळ, खाद्यपदार्थांच्या टेबलांखाली आणि रडणाऱ्या मुलांच्या शेजारी तो विचलित होतो का, हे परीक्षक बारकाईने पाहत होते. जी संस्था तुम्हाला असे काहीही न करता श्वान घरी आणून सोडते, तिच्यापासून दूर राहा.

कलमदान

मी एका विद्यापीठाच्या अपंगत्व सेवा विभागात काम करतो, म्हणून केवळ कायद्याविषयी लिहितो.

नोंदणी क्रमांक आणि ओळखपत्र यांना कायद्यात काडीचीही किंमत नाही. अमेरिकेत सर्व्हिस डॉगची कोणतीही राष्ट्रीय सरकारी नोंदवही अस्तित्वात नाही आणि जाकीट घालणेही सक्तीचे नाही. ‘अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट’ हा कायदा १९९०चा असून त्याखालील २०११पासून लागू झालेल्या सुधारित नियमांनुसार, अपंगत्वाशी संबंधित विशिष्ट काम करण्यासाठी ज्याला शिकवले आहे तोच सर्व्हिस डॉग. दुकानातले किंवा उपाहारगृहातले लोक तुम्हाला दोनच प्रश्न विचारू शकतात: हा श्वान अपंगत्वामुळे आवश्यक आहे का, आणि त्याला कोणते काम शिकवले आहे. कागद मागण्याचा किंवा प्रात्यक्षिक दाखवायला सांगण्याचा अधिकार त्यांना नाही. मात्र श्वान आवरत नसेल किंवा आत घाण करत असेल तर त्याला बाहेर न्यायला सांगता येते, आणि ते योग्यच आहे. बनावट जाकिटे घालून आणलेले कुत्रे दुकानात भुंकतात, तेव्हा पुढच्या खऱ्या गरजवंताकडे संशयाने पाहिले जाते, याचे मला फार वाईट वाटते.

श्वान संस्थेकडूनच घेतला पाहिजे असे कायदा म्हणत नाही. स्वतः किंवा खासगी प्रशिक्षकाकडून शिकवण्याचीही मुभा आहे. त्यासाठी ‘इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ असिस्टन्स डॉग पार्टनर्स’ या संघटनेने घालून दिलेला किमान दंडक सहा महिन्यांत १२० तासांचा, आणि त्यांपैकी ३० तास सार्वजनिक ठिकाणी, असा आहे. परंतु ज्या व्यक्तीला भान हरपणाऱ्या फिट येतात, तिने हा भार एकटीने उचलू नये असे माझे मत आहे.

भाड्याचे घर असेल तर घरमालकाला पाळीव प्राण्याची अनामत रक्कम मागता येत नाही. नोकरीच्या ठिकाणी मात्र आधी विनंती करावी लागते. आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना सहसा ठाऊक नसते: सार्वजनिक ठिकाणी प्रवेशाविषयीचे वर सांगितलेले नियम धार्मिक संस्थांना लागू नाहीत. मंदिरात जाण्यापूर्वी विश्वस्तांशी बोलून घ्यावे, हक्काची भाषा तेथे चालणार नाही.

रानजाई

दोघांचेही मनःपूर्वक आभार. प्रशिक्षकाला नकार कळवला आहे. आणखी दोन शंका आहेत. सासूबाई सहा महिने आमच्याकडे राहायला येतात, त्यांचे सोवळे कडक नसले तरी स्वयंपाकघरात कुत्रा ही कल्पना त्यांना जड जाते. आणि दर वर्षी आम्ही पुण्याला जातो, तेव्हा त्याला नेता येईल का?

श्वानवैद्य

मी पुण्यात पशुवैद्यक आहे. अमेरिकेहून आणलेले काही श्वान माझ्याकडे तपासणीसाठी येतात, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो.

नेता येईल, पण तयारी बरीच आहे. भारतात आणण्यापूर्वी केंद्र सरकारच्या ‘ॲनिमल क्वारंटाइन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिसेस’कडून ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. परतीचा प्रवास अधिक काटेकोर आहे, कारण श्वानांमधील रेबीजच्या दृष्टीने अमेरिकेने भारताला अधिक जोखमीच्या देशांत गणले आहे. १ ऑगस्ट २०२४पासूनच्या नियमांनुसार मायक्रोचिप (श्वानाच्या कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) हवीच, आणि अमेरिकेत दिलेल्या रेबीज लशीचे प्रमाणपत्र निघण्यापूर्वीच तेथील सरकारी पशुवैद्यकाकडून साक्षांकित करून घ्यायचे असते. येथे येऊन ते करता येत नाही. विमान कंपनीला अमेरिकी परिवहन खात्याचा सर्व्हिस डॉगविषयीचा अर्ज भरून द्यावा लागतो आणि प्रवास आठ तासांहून अधिक असल्यास मलमूत्र विसर्जनाविषयीचे वेगळे प्रतिज्ञापत्रही लागू शकते.

कागद पूर्ण झाले तरी पहिल्या वर्षी आणू नये असे मी म्हणेन. आमच्याकडे सोसायटीच्या फाटकाबाहेर पाऊल टाकले की भटक्या कुत्र्यांचा कळप भोवती जमतो, आणि त्या गोंधळात उत्तम शिकवलेल्या श्वानाचेही लक्ष तुमच्यावर राहणे कठीण होते. पुण्याच्या घरात तुमच्याभोवती दिवसभर माणसे असतील, तेव्हा तेवढे दिवस त्याला संस्थेकडे ठेवता येईल का ते विचारा.

सासूबाईंना एवढेच सांगा की, स्वयंपाकघरात त्याला उंबऱ्याशी थांबायला शिकवता येते आणि तेथूनही तो तुमच्यावर नजर ठेवू शकतो. खरी काळजी त्यांच्या मायेची घ्यावी लागते. शिऱ्यातले बेदाणे श्वानाच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात, कांदा आणि लसूण यांनी रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट होतात, आणि साखरविरहित च्युइंग गममधला झायलिटॉल अगदी थोड्या प्रमाणातही जिवावर बेततो. नैवेद्याच्या ताटातले त्याला काहीही द्यायचे नाही, हा नियम घरातल्या सर्वांनी पहिल्या दिवसापासून पाळावा.

पैलतीर

सासूबाईंविषयी मी थोडी भर घालते. सुरुवातीच्या काळात श्वानाला खाऊ घालणे, फिरवणे आणि आज्ञा देणे हे शक्यतो तुम्हीच करावे असे संस्था सांगतात, कारण त्याचे नाते तुमच्याशी जुळायला हवे. तुमच्या मुलीला हे अवघड जाईल, तिला आधीपासून समजावून ठेवा. फिट येऊन गेलेल्या दिवशी मात्र तुमच्याने उठवणार नाही, त्या दिवशी त्याला बाहेर कोण नेणार हे अर्जातच विचारतात. आमच्याकडे शेजारच्या आजोबांचे नाव दिले होते आणि मुलाखतीला तेही आले होते.

फिट नोंदवणारे घड्याळ वापरत असाल तर श्वान आल्यावरही ते काढू नका. श्वान झोपतो, आजारी पडतो, आणि रात्रीच्या फिटसाठी केवळ त्याच्यावर विसंबू नये असे आमच्या न्यूरॉलॉजिस्टनी स्पष्ट सांगितले होते. साधारण दहाव्या वर्षाच्या आसपास श्वान निवृत्त होतो. त्यानंतर तो तुमच्याकडेच राहू शकेल का, आणि नव्या श्वानासाठी पुन्हा रांगेत शेवटी उभे राहावे लागेल का, हे दोन्ही प्रश्न करारावर सही करण्यापूर्वी विचारा आणि उत्तरे लेखी घ्या.